कावेरीबाईंचा रविवार

लोहा गावच्या कावेरीबाई आठवडाभर ब्लाउज शिवतात आणि रविवारी दुपारी त्याच दुकानात गोष्टी उसवतात. चार-पाच लिहिणारे जमतात. नियम कडक आहेत. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. आणि लिहिणाऱ्यानं तोंडात खडीसाखर धरायची, ती विरघळेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. नाहीतर माणूस गोष्टीपेक्षा खुलासेच जास्त करतो. ऐकणाऱ्यांनी आधी काय आवडलं ते सांगायचं, मग काय खटकलं ते. शाळेत क्लार्क असलेल्या हनुमंतचं पहिल्यावरच भागतं. "लई भारी" म्हणून तो चहा सांगायला पळतो.

पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी खुद्द बाईच चुकल्या. बबिता सोयाबीनच्या राशीवरून थेट आली होती, सासूवर गोष्ट लिहून. आवडलेलं काही सांगायच्या आधीच बाई म्हणाल्या, "ही गोष्ट न्हाई, गाऱ्हाणं हाय." बबिताच्या तोंडात खडीसाखर. बिचारी मुकाट्यानं वही घेऊन गेली, ती तीन रविवार फिरकलीच नाही.

बाईंना अन्न गोड लागेना. आपल्या एका वाक्यानं पोरीचं लिहिणं कायमचं बंद पडलं तर? शेवटी चौथ्या आठवड्यात त्या बबिताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं, पोरी. ह्या रविवारी माझी गोष्ट हाय. तू वाच. आन् खटकंल ते सांग, मला सोडू नको."

बबिता आली. गोष्ट बाईंच्या वारलेल्या नवऱ्यावर, किशनरावांवर होती. तिनं ती मन लावून वाचली.

"काका बाजारातून तुमच्यासाठी बांगड्या आणतेत, ते लई आवडलं," ती म्हणाली. "पण मावशी, काका नुसते चांगलेच हायत. फोटोला हार घातल्यावानी. माणूस दिसंना."

हनुमंतचं "लई भारी" जिभेवरच राहिलं. बाईंचे कान तापले. बोलायचं पुष्कळ होतं, पण नियम त्यांचाच! खडीसाखर संपेस्तोवर राग निवळला.

"त्यांनी माझी पहिली वही चुलीत घातली व्हती," बाई हळूच म्हणाल्या. "ते मी लिहिलंच न्हाई. आजवर कुणाला सांगितलं बी न्हाई."

बाईंना कितीतरी वर्षांनी मोकळं वाटलं.

बबितानं कागद त्यांच्या हातात परत दिले.

"मग तिथूनच सुरू करा की, मावशी. पुढल्या रविवारी मीच वाचते."