कागदावर न जमलेली जोडी

माझ्या आईला तिच्या पूर्ण नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली ती दुष्काळी कामावर. उमरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले होते आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. वडील, आई आणि नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली मी, तिघंही जात होतो. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं सगळं खणखणीत आवाजात.

पहिल्या दिवशी आईचं नाव आलं तेव्हा ती माझ्या शेजारी पदर खोचून उभी होती. मुकादमानं दोनदा पुकारलं. आई गप्पच. त्यानं खाडा मांडला आणि पुढचं नाव घेतलं. वडिलांचं नाव माझ्या कानावर पडलं होतं, पण मी मागं वळून कुणाशी तरी बोलत होते; ती हाक आईची होती हे ध्यानात आलं ते दुपारी भाकर खाताना, रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकर. मी मुकादमाकडं जाऊन हजेरी लावून घेतली. परत आले तर बायका हसत होत्या आणि आईही हसत होती.

"मला काय म्हाईत ते माझंच नाव हाय," ती म्हणाली. "माहेरी येगळंच म्हणायचे. हे इथलं नाव लग्नात ठेवलं, पर कुणी घेतलंच न्हाई."

मग तिनं मला तिचं माहेरचं नाव सांगितलं. सतरा वर्षांची झाले होते मी, आणि आईचं नाव तोवर मला माहीत नव्हतं. आम्ही हसलो आणि पुन्हा खडीवर बसलो. त्याचं काही फार मनाला लावून घेतलं असं नाही.

निकाल लागला, मी पास झाले. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. सर्टिफिकेट आणायला वडील माझ्यासोबत शाळेत आले होते. परत येताना एका लिंबाखाली बसून त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझ्या नावाच्या पुढं त्यांचं नाव आणि त्याच्या पुढं आडनाव, ते नेमकं कुठं लिहिलंय हे त्यांनी बोटानं विचारून घेतलं. मग बोट तिथंच थोडा वेळ ठेवलं.

पुढं नांदेडला अध्यापिकेचं शिक्षण झालं आणि नोकरी लागली ती मुरुडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. तेव्हा लातूर हा तालुका होता, जिल्हा उस्मानाबाद. सेवापुस्तकावर साहजिकच माहेरचं नाव चढलं. तीन वर्षांनी लग्न झालं. नवरा लातूरला पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्याकडून लग्नाला आलेल्या मंडळींनी अर्धापूरची केळी आणली होती, अख्खे घड, आणि लातूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आठवडाभर केळ्यांचा वास होता. अजून कुठं पिकल्या केळ्यांचा वास आला की मला ते घर आठवतं, दारातली पाण्याची टाकी आठवते, आणि सासूबाईंनी पहिल्या दिवशी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली उशी आठवते.

चुलत सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून यांना माझं नवं नाव लिहायला सांगितलं. मी यांच्याकडं पाहिलं.

"तिचं नाव चांगलं हाय की," हे म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तेच."

पहिलं नाव असं राहिलं. आडनावाचा विषय कुणी काढला नाही, कारण ते बदलणारच हे सगळ्यांनी धरलेलं होतं. मीही धरलं होतं. रेशनकार्डावर माझं नाव लागलं ते सासरच्या आडनावासह. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नाव बदलाचा अर्ज देऊन टाका." मी हो म्हणाले. त्यासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागणार, सुट्टी काढावी लागणार, म्हणून आज-उद्या करत राहिले. मी काही ठरवून, बंड म्हणून नाव ठेवलं नव्हतं. कंटाळा केला, एवढंच. गावात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. आडनावाची गरज कुणाला होती?

सोमवार ते शनिवार मी मुरुडला एका खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं लातूरला यायची. गंजगोलाईच्या बाजारचौकात उतरलं की हे सायकल घेऊन उभे असत. माझी पिशवी हँडलला अडकवून आम्ही चालतच घरी जात असू, सायकल हातात धरून, वाट लांबावी म्हणून. त्या दिवसांत आम्हाला एकमेकांशी बोलायला तेवढीच वाट होती.

मग लातूर जिल्हा झाला. गावभर लाऊडस्पीकर, पेढे, चौकाचौकात कमानी. लोक एकमेकांना 'आता उस्मानाबादची वारी संपली' म्हणत होते. आमच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी उघडली, शिक्षकांची सेवापुस्तकं गठ्ठ्यांनी लातूरला आली. नवरा लातूरला नोकरीत असेल तर बायकोला जवळची शाळा मिळू शकते, असं कळलं. मी अर्ज केला.

कचेरी अजून नीट लागलीही नव्हती. कपाटं बाहेर व्हरांड्यात होती. बदल्यांच्या टेबलावर एक वयस्कर मुसलमान कारकून बसायचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी माझा अर्ज वाचला, सेवापुस्तक काढलं, यांच्या खात्याचा दाखला शेजारी ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बाई, कागदावर तुमची जोडी जमत न्हाई," ते म्हणाले. "ह्यांचं आडनाव एक, तुमचं एक. हे तुमचे मालक हायेत, हे मी कशावरून म्हणू?"

"रेशनकार्ड आहे," मी म्हणाले.

"त्यात बाई येगळी वाटते. नाव जुळतं, आडनाव न्हाई. साहेब विचारतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला काय त्याचं. आमच्या घरी निकाहनाम्यावर बीवीच्या नावापुढं तिच्या अब्बाचं नाव हाय, जन्मभर तेच. पर सरकारला एक काही तरी पायजे. नाव बदला, न्हाई तर घरातलं वडीलधारं माणूस आणा, लिहून द्यायला. दोन्ही चालतंय."

मी घरी आले आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी सगळं सांगितलं. सासरे जेवत होते. त्यांना मी मामा म्हणायची. आयुष्यभर तेलाच्या गिरणीत राबलेला माणूस, हातांना कायम पेंडीचा वास. फार कमी बोलायचे.

"मग बदला की," ते म्हणाले. "इतके दिस कशाला ठेवलं?"

तेव्हा मी 'हो' म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, नाही बदललं तर चालंल का?"

ते विचारायचं मी ठरवलेलं नव्हतं. त्या दुपारी त्या कारकुनांनी 'नाव बदला' म्हटलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं की ते नाव जाणार म्हणजे खरोखर जाणार. इतकी वर्षं ते नुसतं होतं. आता ते माझं वाटायला लागलं होतं.

मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आपलं आडनाव हलकं वाटाय लागलं का तुला?" एवढंच विचारलं आणि हात धुवून बाहेर गेले.

हे नंतर मला म्हणाले, "तुझं नाव हाय, तू ठरव. पर बाबांना दुखवू नको." दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी रजेवर घरी होते ते पुढचे दोन दिवस मामा माझ्या हातचा चहा घेईनात. चिडचिड नाही. सासूबाईंनी कप दिला तर घ्यायचे. शनिवारी मी मुरुडहून आले तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला शेजारी बसवलं.

"तुला त्यांचं म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी आपल्याला आडनाव नव्हतंच. कागदावर नावापुढं जात लिहायचे. धम्माची दीक्षा घेतली आन् ह्यांनी मनात धरलं, आता ते लिहू द्यायचं न्हाई. थोरल्याला शाळेत घालायला हे गेले तर गुरुजी म्हणले, तुमच्यात कुठलं आडनाव? जे हाय तेच लिहितो. हे म्हणले, गावाचं नाव लिहा, पुढं 'कर' लावा. गुरुजी लिहीनात. मग चार दिस शाळेच्या वट्ट्यावर उभे राहिले. गिरणीचं काम बुडवून. चौथ्या दिशी लिहिलं गुरुजींनी."

मी सुपातली ज्वारी निवडायला घेतली. नवऱ्याच्या आडनावाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते गावावरून पडलंय, जशी शेकडो पडतात. ते पडलेलं नव्हतं. ते उभं राहून मिळवलेलं होतं. आणि मी ते ताटातल्या नको असलेल्या भाजीसारखं बाजूला सारलं होतं.

रविवारी सकाळी मी वहीचा कागद घेऊन नाव बदलाचा अर्ज लिहिला. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, अर्ज लिहिलाय. उद्या देते."

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. विवाह झाल्यामुळं मी माझं नाव स्वखुशीनं बदलत असून यापुढं अमुक नावानं ओळखली जाईन, असं नेहमीचं. मी संपवलं. मग म्हणाले, "ते मधलं परत वाच. खुशीचं."

मी वाचलं, 'स्वखुशीनं'.

"हाय का तशी?"

मला खोटं बोलता आलं नाही. खरंही बोलता आलं नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, चार घड्या, आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"मला लोकांनी दिलेलं नाव नको होतं म्हणून मी चार दिस उभा राहिलो," ते म्हणाले. "तुला नको असलेलं मीच द्यायचं का? मग माझ्यात आन् त्या गुरुजीत काय फरक?" माझ्याकडं बघून म्हणाले, "हलकं म्हणून नको म्हणत न्हाईस ना?"

"नाही मामा. माझ्या बापाला वाचता येत नव्हतं. पण माझ्या सर्टिफिकेटवर त्याचं नाव कुठंय ते त्याला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चहा टाक."

सोमवारी मी रजा टाकली. मामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून माझ्या आधी तयार होऊन बसले होते. कचेरीत त्या कारकुनांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"ही माझी सून," ते म्हणाले. "माझ्या थोरल्याची बायको. आडनाव हिच्या बापाचं हाय आन् ते तसंच ऱ्हाणार. मी सांगतोय, लिहा."

कारकुनांनी लिहिलं, सावकाश, त्या सुंदर अक्षरात. वाचून दाखवलं. मामांना सही येत होती, तेवढीच येत होती. त्यांनी आधी पहिलं नाव काढलं, मग टाक नीट धरला आणि आडनाव एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, शेवटच्या 'कर'पर्यंत. कारकून म्हणाले, "चच्चा, झालं काम तुमचं." बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. परत येताना ते रस्त्यानं मला गिरणीच्या गमती सांगत होते. एका वेळी इतकं बोललेले ते मी आधी ऐकले नव्हते, आणि नंतरही फारसे ऐकले नाहीत.

महिनाभरात लातूरपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावरची शाळा मिळाली. शनिवारची एसटी संपली. खरं सांगायचं तर गंजगोलाईपासूनची ती पायी वाट मला नंतर आठवत राहायची. रोज भेटायला लागल्यावर आम्ही तेवढं बोलेनासे झालो.

नाव सांभाळणं सोपं गेलं असं नाही. माझी आईच पहिल्यांदा घाबरली. "लोकं म्हणतील पोरगी नांदंना," म्हणाली. मुलांच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात, दरवेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. एकच आडनाव असलेल्या मैत्रिणींचा कधी कधी हेवा वाटायचा. मामांनी मात्र नातेवाइकांत कुणी विषय काढला की, "ते आमचं ठरलंय," एवढ्यावर बंद करून टाकलं. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत सुनांची नावं छापायची होती. यांनी मला न विचारता माझं नाव जसंच्या तसं दिलं.

माझी मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिनं स्वतःच जोडीदार निवडला. लग्नानंतर दोन महिन्यांनी तिचा फोन आला.

"आई, मी आडनाव बदललं. सगळीकडे."

मला ते लागलं. मी म्हणाले, "कुणी म्हणालं का तुला?"

"कुणीच नाही. त्याच्या आईनं तर नको म्हणून सांगितलं. मला आवडलं, म्हणून बदललं. तू ठेवलंस ना तुला आवडलं म्हणून?"

दोन-तीन दिवस मी घुश्शात होते. यांना म्हणाले, एवढं सगळं केलं ते कशासाठी? हे वर्तमानपत्र वाचत होते. "तू तुझ्यासाठी केलंस," म्हणाले आणि पान उलटलं. मला राग आला.

दिवाळीला मुलगी-जावई आले. तिनं मला तिची नवी सही करून दाखवली, लफ्फेदार, नव्या आडनावाच्या शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली. मी म्हटलं, रेघ थोडी छोटी कर. तिनं परत करून दाखवली. ती जास्त चांगली दिसत होती.