अण्णांचं चुकलेलं बोलणं

अण्णांच्या तोंडात नेमक्या किती जिभा आहेत, यावर आम्हा क्लासच्या मुलांच्या पैजा लागत. लातुरात आमच्या क्लाससमोरच त्यांचा एसटीडी बूथ होता. भूकंपात गाव गेलं, तेव्हा ते शहरात आले. त्यावर कुणी हळहळलं की म्हणायचे, "घर पडलं, पर जिभेला खरचटलंसुदीक न्हाई बगा."

रविवारी सकाळी बूथसमोर ही रांग! आमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी फोन होते. बाकीच्यांचा नंबर म्हणजे गावातलं एखादं दुकान. आधी फोन करून घरच्यांना बोलवायला सांगायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. पहिलं बोलणं अण्णा करत, कारण आमच्यासारख्यांसाठी गल्ला सोडून कोण उठणार?

उदगीरच्या अडत्याला ते कानडीत "आराम इद्दीरी?" म्हणून खुशाली विचारत. नांदेडच्या शिंपीचाचांना "चच्चा, जरा सलीमके अब्बाकू बुलाव ना" म्हणत. हदगावला फोन लागला की "काय करून राहिले भाऊ?" आणि समोर कुणी साहेब असला, तर अण्णा उठून उभे राहत, टोपी सरळ करत, मग म्हणत, "तसदीबद्दल क्षमस्व." टोपी फोनमधून दिसत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. "आवाजात दिसती," ते म्हणाले.

"अण्णा, कानडी किती येतं तुम्हाला?"

"दोन वाक्यं. तिसऱ्याला मानूस बोलवायला उठून गेलेला आसतो."

माझे वडील मुखेडकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. घरातही ते छापील बोलत. "भाजीत मीठ अंमळ न्यून आहे," असं आईला सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याशी बोलताना माझी वाक्यं आपोआप परीक्षेच्या उत्तरासारखी होत. त्यामुळे चाचणीत दोनशेपैकी एकतीस गुण पडले आणि लातूर सोडून घरी जावंसं वाटू लागलं, तेव्हा ते सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. शेवटी अण्णांना गाठलं.

"सांगतो की," अण्णा म्हणाले. "मास्तरला मास्तरावानी सांगू." त्यांनी वाक्यही तयार केलं : "आपल्या चिरंजीवांस अपेक्षित यश लाभले नाही." दोनदा म्हणून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

आमच्या गावचा फोन आप्पांच्या किराणा दुकानात होता. अण्णांची नि त्यांची फोनवरचीच, पण पक्की दोस्ती. निरोप दिला, दहा मिनिटं गेली, अण्णांनी पुन्हा नंबर फिरवला. दर वेळी आप्पाच उचलत. पण त्या दिवशी आप्पा साखर जोखत होते आणि फोन उचलला वडिलांनी.

"काय आप्पा, आलं का तुमचं मास्तर?" अण्णांनी सुरुवात केली. "छडी घिऊन आलंय का मोकळंच? पोरगं हितं रडायलंय. एकतीस पडलेत दोनशेत! घरी यायचं म्हनतंय, पर बापाच्या भ्यानं पाय लटलट कापायलेत."

पलीकडून काहीतरी आलं. अण्णा ताडकन उभे राहिले, टोपीला हात गेला, तोंडातून "गुरुवर्य..." एवढंच निघालं आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला गेला. मला अण्णांचा असा राग आला होता, की बूथच पेटवून द्यावा. तेवढ्यात कानात आवाज आला.

"रडू नगं रं बाळा. जेवायलास का न्हाई तिथं?"

मी म्हणालो, "आप्पा, वडील कुठे आहेत?"

"मीच हाय की रं. लई वाटायलं आसंल तर ये घरी. मार्काचं बगू मागून."

हा आवाज माझ्या घरात सतरा वर्षं होता आणि मला पत्ता नव्हता. मी तिथेच, रांगेतल्या पोरांसमोर, मोठ्यानं रडलो. गेलो मात्र नाही. घरी जाता येतं म्हटल्यावर राहणं जमू लागलं.

पुढच्या रविवारी वडील पुन्हा छापील झाले. "अध्ययन कसे चालले आहे?" मी "समाधानकारक" म्हणालो, फोन ठेवला आणि अण्णांकडे वळलो.

"अण्णा, पुढल्या वेळी पुन्हा एकदा चुका ना."


अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्या किती रविवार चुकू? आता तू चूक."

मी परत नंबर लावायला सांगितला. वडील अजून दुकानातच होते.

"बाबा," मी म्हणालो, "तुमी जेवलाव का?"

वडील म्हणाले, "न्हाई रं आजून. तुझ्या ह्याच फोनची वाट बगायलो हुतो."