हिरव्या पाण्याची माफी

समुद्रावरून शेवाळासारखा ओला, उग्र वास आला की माझं डोकं आजही तापतं. तारकर्लीत आम्ही घरातल्याच दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्याच दिवाळीत पाणी हिरवंगार झालं होतं. एरवी असं पाणी दिसलं की बाबा खुशीत रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायला धावायचे, कारण तो हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना न दिसणारी इवली झाडं. त्यांच्याच जिवावर तारली, बांगडे असे मासे पोसतात, आणि आपल्या श्वासातही त्यांचा वाटा असतो. पण पाहुण्यांनी नाक मुरडलं आणि बाबा चक्क हात जोडून म्हणाले, “माफ करा साहेब, पाणी सध्या जरा घाण आहे.” मी उसळलेच. “बाबा, ज्या पाण्यान आमका पोसल्यान, तेका घाण म्हणतास?” “गप रव गो, पावणे आसत,” ते पुटपुटले. दुपारी जेवायला बसल्यावर त्याच साहेबांनी विचारलं, “बांगडा ताजा आहे ना?” “ताजाच आहे. त्याच घाण पाण्यातला,” म्हणत मी ताट आदळलं. आता खोल्या मी चालवते. हिरव्या पाण्याला नाक मुरडणारे अजूनही येतात. मी माफी मागत नाही. त्या दिवशी त्यांच्या ताटात फक्त डाळभात असतो.