बादलीतले प्रवासी

माझ्या मामेसासऱ्यांइतका शिस्तीचा भुकेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. एसटीत जन्मभर कंडक्टरी करूनही ती भूक भागली नाही. ती भागवली त्यांच्या गावच्या, रोहण्याच्या तळ्यातल्या बोटभर मासोळ्यांनी. निवृत्त झाल्यापासून मामाजी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, खिशात मुरमुरे भरून तळ्यावर जात. मुरमुरे पडले की चंदेरी मासोळ्यांचा घोळका यायचा, एकदम वळायचा, एकदम थांबायचा. "पाहा जवाईबापू," ते मला म्हणत, "धक्का नाई, भांडण नाई, घंटी मारा लागत नाई. अन् आपले लोकं खिडकीतून रुमाल टाकते!" एकदा मी या मासोळ्या तळून कशा लागतील असं विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा गावानं तळ्यात मोठ्या माशांचं बीज सोडायचं ठरवलं. त्याआधी बारीक मासोळी मारून तळं साफ करतात. मामाजींना जेवण जाईना. शेवटी सभेत उभे राहून म्हणाले, "जेवढ्या नेता येतीन तेवढ्या मले नेऊ द्या." लोक हसले, पण हो म्हणाले. मग मामींच्या ठेवणीतल्या लुगड्याची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी, तळ्यात जाळ्यासारखं ओढलं, आणि बादली भरून दोघं एसटीत चढलो.

"याईचं तिकीट द्या," मामाजी म्हणाले.

"काका, पान्याच्या बादलीले कोन तिकीट देते?" कंडक्टर बाई हसल्या.

"पान्याले नोका देऊ. आतल्याईले द्या."

बाईंनी हात जोडून लगेजचं तिकीट फाडलं, तेव्हा कुठे ते शांत झाले. बादली खिडकीपाशी बसली, मी उभा राहिलो.

चार गावं सोडून असलेल्या तळ्यात त्यांनी ती हळूच कलंडवली. मासोळ्या क्षणभर काठाशी थबकल्या. तेवढ्यात तिथला घोळका आला, त्यात त्या मिसळल्या आणि सगळ्या मिळून एकदम वळल्या. आपल्या कोणत्या, तेही कळेना. मामाजींच्या मुठीत मुरमुरे तसेच होते.

"एकीनंही मागं पाहिलं नाही," मी चिडवलं.

"स्टॉप आला का उतरा लागते, जवाईबापू. मागं कोन पाह्यते?" ते हसले. "जन्मभर दारात उभा होतो मी. पाह्यलं काय कोनी?"

माझं हसू तिथंच विरलं. परतीच्या गाडीत रिकामी बादली मांडीवर घेऊन ते मागच्या काचेतून पाहत राहिले, तळं दिसेनासं होईपर्यंत आणि त्यानंतरही. तिकीट काढायचं आयुष्यात पहिल्यांदाच विसरले. दोन्ही मीच काढली.