चौदा सेकंदांचा कमानपाटा

"गाडी खोटी हाय," भोरमामा म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

नाशिकच्या अंबडमधल्या एका स्प्रिंगच्या कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. टीव्हीवर माझी चाळीस सेकंदांची फिल्म नुकतीच संपली होती. घाटातून एक पिकअप येतो, मागे ताडपत्रीखाली माल आहे, रस्ता खडबडीत आहे. मग कॅमेरा चाकाच्या मागे शिरतो आणि तिथे कंपनीचा कमानपाटा दिसतो. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, एक सेकंदाचंही शूटिंग नाही. कारखान्याचे मालक सोनवणे साहेब टाळी वाजवायच्या बेतात होते. त्यांचे हात तसेच मांडीवर परत गेले.

"खोटी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी खरी वाटत नाय."

"पण नक्की काय खरं वाटत नाही?"

"ते मला नाय सांगता यायचं. पर ही गाडी रस्त्यावर नाय."

माझे सर, म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक पाटणकर, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'गप्प बस' म्हणाले. गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवावं हे मला तेव्हा मुळीच सहन होत नव्हतं. आजही फारसं होत नाही.

ही दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. माझ्या धंद्याला आता मोशन डिझायनर असं भारदस्त नाव आहे. तेव्हा आम्हाला लोक 'ग्राफिक्सवाले' म्हणायचे, आणि काही जण लग्नाची सीडी करून देता का असंही विचारायचे. काम साधं सांगायचं तर हे: जे जागचं हलत नाही ते पडद्यावर हलवायचं. कंपनीचं नाव फिरवत आणायचं, मशीनचे भाग सुटे करून दाखवायचे, आणि नशीब असेल तर गाडी पळवायची.

गाडी पळवायला मिळावी म्हणून मी या धंद्यात आलो होतो. वडील नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये नोकरीला, आमची कॉलनी नाशिक रोडची. तिथे गच्चीवर बसून, खाली न बघता, नुसत्या आवाजावरून कुठली गाडी गेली ते मी ओळखायचो. पैज लावून ओळखायचो आणि भेळ जिंकायचो. पहिल्या तीन वर्षांच्या बचतीतून मी एक जुनी, लहानशी पेट्रोल गाडी घेतली. रविवारी मी तिच्याखाली असायचो. आई म्हणायची, "ह्याला मुलगी बघायला न्यायचं तर आधी गाडीखालून ओढून काढावं लागेल."

त्यामुळे सोनवणे साहेब मुंबईच्या स्टुडिओला काम द्यायला निघाले, तेव्हा मीच मध्ये पडलो होतो. सरांना बाजूला सारून बोललो होतो. "साहेब, मुंबईवाल्यांना कॉम्प्युटर कळतो, मला गाडी कळते. हे काम नाशकातच होईल आणि मी करीन." साहेब हसले होते आणि हो म्हणाले होते. आमच्या स्टुडिओचं ते पहिलं मोठं थ्रीडी काम.

आता त्या कारखान्याची एक पद्धत सांगितली पाहिजे. तुकाराम भोर म्हणजे भोरमामा हे तिथले सगळ्यात जुने फोरमन. घोटीचे. पाटा तयार झाला, मशीनवर तपासला, कागदावर पास झाला, तरी मामांनी त्याच्याकडे बघून मान हलवल्याशिवाय गेटपास फाटत नसे. सोनवणे साहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. फिल्मलाही तोच नियम लागेल हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे बघा," सोनवणे साहेब म्हणाले, "आज बुधवार. मंगळवारी पुण्यात प्रदर्शन सुरू होतंय. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर तिथे येणार. सोमवारी दुपारपर्यंत मामांनी पास केली तर स्टॉलवर फिल्म लावू. नाहीतर फोटोंची स्लाइड लावू, आणि पुढच्या वेळी मुंबई."

'मुंबई' हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला. मला तो चांगलाच लागला.

स्कूटरवरून परत येताना पाटणकर सर म्हणाले, "म्हातारा आहे रे. थोडी धूळ वाढव, जरा अंधार कर, म्हणावं बदललं. कुणाला कळतंय?"

"त्यांना कळतंय ना."

"मग काय चुकलंय ते तरी सांगावं त्यांनी!"

संध्याकाळी मी ती फिल्म वीस वेळा पाहिली. चाकं बरोबर फिरत होती. चाकाचा घेर आणि गाडीने कापलेलं अंतर मी हिशोब करून जुळवलं होतं, नाहीतर गाडी बर्फावर घसरल्यासारखी दिसते. टायरच्या नक्षीपर्यंत सगळं जागेवर होतं. आणि कमानपाटा? तो तर माझा अभिमान होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रक-पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. तो कमानपाटा. खड्ड्यांचे हिसके तो सोसतो. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीन दिवस बसून नवाकोरा पाटा टेबलावर ठेवून मोजला होता. सात पट्ट्या, प्रत्येकीची जाडी, बाक, टोकाचा डोळा म्हणजे गोल भोक, सगळं मिलीमीटरमध्ये.

गुरुवारी सकाळी मी मापांचे कागद घेऊन थेट शॉपफ्लोअरवर गेलो. भांडायच्याच तयारीने गेलो म्हणा ना. भोरमामांनी चष्मा चढवला आणि एकेक आकडा शांतपणे वाचला.

"मापं बराबर हायेत," ते म्हणाले.

"मग?"

"लय बराबर हायेत." त्यांनी कागद परत दिले. "तुमची गाडी हाय ना? तिला पाटे हायेत का?"

"नाही. लहान गाडी आहे."

"हां." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "उद्या माझी सुट्टी हाय. घोटीला या. कॅमेरा आणा."

शुक्रवारी मी घोटीला पोचलो तेव्हा एका भाताच्या गिरणीसमोर मामांच्या भाच्याचा पिकअप रिकामा उभा होता. सोबत आमचा हँडीकॅम होता. हमाल बिड्या विझवून उठत होते. मामा म्हणाले, "झोपा खाली."

"कुठे?"

"गाडीखाली. त्यात तुमाला काय नवीन?"

माझ्या रविवारांची खबर त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. बहुतेक पाटणकर सरांनीच. मी पोत्याचं बारदान अंथरून मागच्या चाकाजवळ आडवा झालो. डोळ्यासमोर पाटा होता, अगदी माझ्या फिल्ममधल्यासारखाच कमानदार. मामांनी वरून आवाज दिला आणि तांदळाचं पहिलं पोतं धपकन पडलं.

काही विशेष झालं नाही. दुसरं पडलं, तिसरं पडलं. पाचव्या-सहाव्या पोत्याला मला पहिल्यांदा दिसलं की कमान थोडी उतरलीय. दहाव्याला आणखी उतरली. पट्ट्या एकमेकींवरून सरकत होत्या, बारीक कुरकुरत होत्या. विसाव्या पोत्याला ती कमान उरलीच नव्हती. माझ्या नाकापासून हातभर अंतरावर पाटा जवळजवळ सरळ पट्टीसारखा झाला होता.

मी तिथेच पडून राहिलो. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. माझ्या फिल्ममध्ये ताडपत्रीखाली दीड टन माल होता आणि पाटा मात्र स्टोअरच्या टेबलावरचा होता! एवढं वजन घेऊन तो घाट चढत होता आणि त्याच्या अंगावर काही पडलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी मिलीमीटर मोजले होते. फक्त ज्या पाट्यावर काहीच नव्हतं, त्याचे मोजले होते.

"दिसलं का?" मामांचं डोकं चाकाशेजारी खाली आलं.

"दिसलं."

"आता ते मागचं शॅकल बघ." पाट्याचं मागचं टोक ज्या लोखंडी कडीला अडकवलेलं असतं तिला शॅकल म्हणतात. "पाटा सरळ झाला की लांब होतो. मग शॅकल मागं झुकतं. तुझं तिथं खुंटीवानी उभंच. मी बुधवारी बघतोय, बघतोय, काय चुकतंय ते डोळ्याला कळतंय पर तोंडाला येईना. घरी आल्यावर भाच्याची गाडी भरताना बघितली, तवा समजलं."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का? कागद घेऊन आलावतास तू."

त्यांनी मला 'तू' कधी म्हणायला सुरुवात केली ते माझ्या लक्षातच आलं नाही. बरं वाटलं एवढं आठवतं.

मग आम्ही कामाला लागलो. शॅकलशेजारी मी कागदाची मोजपट्टी चिकटवली. गिरणीपुढच्या स्पीडब्रेकरच्या कडेला पालथा पडून भरलेली गाडी तीनदा आणि रिकामी गाडी तीनदा शूट केली. एक म्हातारी थांबली आणि मामांना म्हणाली, "त्याला चक्कर आलीय का? पाणी द्या की वो." भाचा इतका हसला की चौथ्यांदा त्याने ब्रेकच उशिरा मारला आणि ती फेरी वाया गेली.

घरी येऊन मी ते शूटिंग एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. आपल्याकडच्या व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. रिकामी गाडी टुणकन उडते आणि लटलटत राहते. भरलेली गाडी आधी खाली बसते, मग सावकाश वर येते, आणि एका हेलकाव्यात शांत होते. किती फ्रेममध्ये बसते, किती फ्रेममध्ये उठते, ते मी वहीत लिहून काढलं आणि सातही पट्ट्या नव्याने बांधल्या.

शनिवारी दुपारी काम तयार झालं आणि खरी अडचण पुढे आली. बनवलेलं दृश्य कॉम्प्युटरकडून पक्क्या चित्रात उतरवून घेणं म्हणजे रेंडर. तेव्हा एका फ्रेमला पंधरा मिनिटं लागायची. पूर्ण फिल्मच्या हजार फ्रेम. सोमवारपर्यंत ते होणं शक्यच नव्हतं.

मी फिल्म पुन्हा पाहिली आणि पाटा जिथे जवळून दिसतो तेवढेच भाग वेगळे काढले. चौदा सेकंद. साडेतीनशे फ्रेम. माझ्या एका मशीनवर तरीही साडेतीन दिवस.

आमच्या वरच्या मजल्यावर देवधर मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिलो.

"मशीन घे," त्या म्हणाल्या, "पण सोमवारी सकाळी सातला बँकेच्या परीक्षेची बॅच आहे. तेव्हा एकही मशीन तुझ्या गाडीत अडकलेलं नको."

सहा मशीन मिळाली. प्रत्येकाला साठेक फ्रेम वाटून दिल्या. शनिवारी आणि रविवारी दोन-दोन तास लाईट जाणार हे पेपरात छापून आलेलंच होतं, म्हणून प्रत्येक फ्रेम वेगळी साठवत होतो. लाईट गेली की हातातली एकच फ्रेम वाया जायची, मागच्या शाबूत. रविवारी पाटणकर सर वडे घेऊन आले. मॉनिटरवर सरळ झालेला पाटा आणि मागे झुकलेलं शॅकल त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "बुधवारी मी तुला धूळ वाढव म्हणालो होतो, नाही का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरं. वडा खा."

सोमवारी अकरा वाजता आम्ही परत त्याच मीटिंग रूममध्ये होतो. फिल्म सुरू झाली. मी टीव्हीकडे बघितलंच नाही, भोरमामांकडे बघत होतो. पिकअप घाट चढत आला, कॅमेरा चाकामागे गेला, खड्डा आला. पाटा बसला, शॅकल झुकलं, पाटा उठला. त्या क्षणी मामांचं स्वतःचं शरीर खुर्चीत थोडं खाली बसलं आणि वर आलं. त्यांना ते कळलंही नाही. मला कळलं, आणि फिल्म संपायच्या आधीच मी निवांत झालो.

"मामा?" सोनवणे साहेबांनी विचारलं.

"माल हाय गाडीत," मामा म्हणाले. "पाठवा."

पुण्याच्या स्टॉलवर मी तिन्ही दिवस उभा होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मी उभा होतो. दुसऱ्या दिवशी एका गाडीच्या कंपनीचे वयस्कर इंजिनिअर आले. त्यांनी फिल्म पाहिली, परत पाहिली, आणि मला विचारलं, "कॅमेरा कुठे बांधला होता हो? ॲक्सलवर? इतका स्थिर कसा राहिला?"

मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात, सर?" त्यांनी तोच प्रश्न परत विचारला. मग मी सांगितलं की कॅमेराही नव्हता आणि गाडीही नव्हती. ते खाली वाकून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "हे नाशिकला केलंत?" आजपर्यंत मला दोन-तीन बक्षिसं मिळाली आहेत, कपाटात आहेत. पण अभिमान विचाराल तर मी हा प्रश्न सांगतो.

पुढची सहा वर्षं त्या कारखान्याची प्रत्येक फिल्म मी केली. त्यानंतर ट्रॅक्टर केले, बसचे ब्रेक केले, एकदा अख्खं इंजिन उलगडून परत बांधलं. आता माझ्याकडे नवी मुलं कामाला येतात. माझ्यापेक्षा हुशार आहेत, माप माझ्यापेक्षा चोख घेतात. त्यांना मी एवढंच सांगतो की चोख माप आणि खरं माप ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कुठलंही नवीन काम आलं की क्लायंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्या वस्तूवर ओझं किती असतं?" साबणवाले जरा गोंधळतात, पण उत्तर देतात.