ऐरण बांधलेली मोटार

शेलूबाजारच्या रस्त्याकाठी जगदेव लोहाराची भट्टी होती. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असल्यामुळे इतरांना ते कष्ट पडत नसत. सन पंचावन्नच्या सुमारास रामराव पाटलांनी पलटणीच्या लिलावातून एक जुनी पिकप मोटार आणली. आणली म्हणजे बैलांनी ओढून आणली. इंजिन ठणठणीत होतं. बाकी जे होतं त्याला मोटार म्हणायला श्रद्धा लागे.

“कापूस भरून ही मंगरूळच्या जिनात गेली पाह्यजे,” पाटील म्हणाले. “नाही गेली त भंगारात देतो.”

जगदेवनं तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून चाकांवरची झाकणं केली, मोडक्या धावेचं पायदान केलं, दाराला गोठ्याची कडी बसवली. करता करता त्याचा तिच्यावर जीव जडला. त्याची बायको गोजराबाई म्हणे, “मी तापानं फणफणली तवा तुमी कपाळाले हात नाही लावला. हिच्या बोनटावरून मात्र सारखा फिरून राह्यला!”

राहिला होता मागचा साटा, म्हणजे माल भरायचा लाकडी सांगाडा. पाटलांना एका खेपेत दोन गाड्यांचा कापूस न्यायचा होता, म्हणून जगदेवनं बाभळीचा लांबलचक साटा बांधला आणि आयुष्यभर बैलगाडीवर बसवला तसाच बसवला : मागच्या दोन चाकांना जोडणारा आख बरोबर साट्याच्या मधोमध. मोटारीला दोन आख असतात हे त्याला ठाऊक होतं. पण पुढचा आख त्याच्या हिशेबात बैलांच्या जागी होता.

हाकायला गुलाबसिंग बसला. तो लढाईत खेचरं सांभाळून आला होता, त्यामुळे गावाच्या मते ड्रायव्हर तोच. तुडवून कापूस भरला, मोटार निघाली. नाल्याचा चढ लागला तशी तिनं मान वर केली आणि पुढची चाकं अधांतरी झाली. गुलाबसिंगनं हातातलं चाक डावीकडे फिरवलं. मोटार सरळ गेली, ती पाटलांच्याच ज्वारीत.

“अबे जगदेव, तुही मोटार उलाळ झाली!” पाटील ओरडले.

मागं जड होऊन जू वर उचलणारी गाडी ती उलाळ. गाडी बांधणाऱ्याला याहून मोठी शिवी वऱ्हाडात नाही. जगदेवचा चेहरा उतरला.

“चूक माही हाय, पाटील. मागून दोन हात साटा कापतो.”

“कापाचा नाही! दोन गाड्यांचा कापूस म्हंजे दोन गाड्यांचा. उद्या जाते का देऊ भंगारात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव आणि गुलाबसिंग ऐरण उचलू लागले, तेव्हा गोजराबाई बाहेर आली. ऐरण जगदेवच्या बापाची होती.

“हे कायले नेता?”

“गाडी उलाळ झाली त गाडीवान पुढं सरकते. इथं कोन सरकन?”

“अन् भट्टी?”

“मोटार राह्यली पाह्यजे.”

गोजराबाई आत गेली आणि कुंकू घेऊन आली. घरचं माणूस परगावी निघावं तसं तिनं ऐरणीला लावलं. मग दोघांनी ती साखळीनं मोटारीच्या नाकावर बांधली.

नाल्याचा चढ मोटार मान खाली घालून चढली. पाटील खूश झाले आणि खेपेमागून खेप पाठवू लागले. इकडे ज्वारी कापणीला आली. गावाचे बोथट इळे भट्टीशी येत आणि तसेच परत जात.

“ऐरण कुठी हाय, गोजराबाई?”

“मंगरूळले गेली.”

“येईन कधी?”

“पाटलाचा कापूस सरला म्हंजे.”

शेवटी पाटलांच्याच शेतातली भुरीबाई बायांना घेऊन त्यांच्या ओट्यासमोर आली आणि तिनं इळा पायरीवर टाकला. “पाटील, ह्यानं दही बी कापत नाही. ज्वारी काय दातानं कापू?”

पाटील भट्टीशी आले. ऐरणीखालचा रिकामा ठोकळा त्यांनी बराच वेळ पाहिला.

“किती हात म्हनला होतास?”

“दोन.”

“काप. पन पह्यले माहे इळे.”

जगदेवनं ऐरण उतरवली. कुंकू धुळीनं गेलं होतं. गोजराबाईनं पुन्हा लावलं. इळे झाल्यावर त्यानं साटा कापला, आणि मोटार उरलेला कापूस कुणाच्या आधाराशिवाय नेऊ लागली. कापलेल्या लाकडाचं त्यानं भट्टीपुढं बाकडं केलं. येणाऱ्याला तो अगत्यानं बसवी, पण मधोमध. टोकाला बसलं की तेही उलाळ होई.