मनोरीच्या पानावरची जुनी ओळ

बाळांनो, काल तुमच्यातल्या धाकट्याचा निरोप आला. "आजी, मनोरीच्या साइटच्या CSS मध्ये कुणीतरी उंचीची एक जुनाट ओळ घुसडलीये. कचरा आहे, काढतोय." थांब रे शहाण्या! ती मी घुसडली आहे. CSS म्हणजे पान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळी. निवृत्त झाल्यावर मी हे शिकायला बसले तेव्हा तुम्ही खिदळला होतात. आता वाचा.

मनोरीची माझी मैत्रीण समुद्राकाठच्या आपल्या घरातल्या तीन खोल्या सुट्टीसाठी देते. तिचं पान या धाकट्याने बोरिवलीच्या आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून केलं. पडदाभर समुद्राचा फोटो, त्याच्या तळाशी ‘खोली हवी’ हे बटण. झकास! पण दिवाळी तोंडावर आली तरी कुणी खोली मागेना. खोल्या रिकाम्या राहिल्या तर घर विकायचं, असं तिच्या मुलाने ठरवलं.

तिचा फोन आला. "काय गं, तुझ्या नातवाने बटण खाडीत टाकलंय का? मालाडची माणसं म्हणतात, नुसतं घराचं नाव दिसतं."

माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक. सुनेच्या फोनवरही ठीक. मग आजोबांचा फोन ओढून घेतला. आपल्याकडे फोन खालून वर चढतो ना: नातू नवा घेतो, त्याचा जुना बापाला, बापाचा आजोबांना. मैत्रिणीकडे येणारे बहुतेक असेच आजोबा. त्या फोनवर समुद्र गायब, बटणासकट.

फोटोच्या चौकटीची उंची होती 100dvh, म्हणजे ब्राउझरची पट्टी सोडून जेवढा पडदा दिसतो तेवढी. जुन्या ब्राउझरला dvh ठाऊकच नाही. न कळलेल्याबद्दल तो तक्रार करत नाही, ओळ गुपचूप सोडून देतो, अगदी आजोबांसारखा. उंचीच नाही, म्हणून चौकट सपाट झाली आणि बटण आत गाडलं गेलं.

मी त्या ओळीच्या वर 90vh लिहिलं, म्हणजे पट्टीची जागाही धरून पडद्याच्या शंभरातले नव्वद भाग; हे माप जुन्यालाही कळतं. शंभर नाही, कारण जुन्या फोनवर पट्टी तळाचा भाग गिळते. नव्या ब्राउझरला दोन्ही ओळी कळतात, तो खालची घेतो. जुना वरचीवर भागवतो.

"अगं, समुद्र आला!" आजोबा ओरडले. "बटण दाबू?"

"दाबू नका!"

दाबलंच. त्या दिवाळीत सगळ्यांत आधी मधली खोली आम्हीच घेतली, उरलेल्या दोन मालाडकरांनी. घर विकलं नाही. ती मधली खोली दर दिवाळीला अजून आमची असते, आणि ती ओळ अजून तिथेच आहे.